मिळून गाण्याचे सुख

गाणे ऐकणे निराळे आणि गाणे म्हणणे निराळे. ऐकण्याने कानास सुख होते; परंतु चारचौघांत गावयाचे म्हणजे शेजाऱ्याच्या सुराला आपला सूर मिळवावा लागतो, आणि सुरांबरोबर मनेही जुळतात. आपल्या वाडवडिलांस हे मर्म पुरते ठाऊक होते.

गोव्यातील लग्नघरचा रोस घ्या. वधूस वा वरास नारळाचा रस लावताना वाड्यावरील बायका भोवती जमून गाणी म्हणतात. त्यांत आशीर्वाद असतो, माहेर सुटण्याचे दुःख असते, थोडी थट्टाही असते. एखादी जाणती बाई ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात. कोणाचा सूर चढतो, कोणाचा उतरतो. पण कोणी कोणास नावे ठेवीत नाही.

मांड्याचीही तीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकात साष्टीच्या घरांतून तो बहरला. आधी संथ, विरहाने भारलेला मांडो. मागोमाग द्रुत लयीचे दुलपद. साथीला व्हायोलिन व घुमट. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे मडके. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, धाकटे मोकळे. पूर्वी कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बकऱ्याचे वापरणे आले. २०१९ साली गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा वाद्य ठरविले. चतुर्थीच्या आरतीत आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडेही तेच घुमते, हे विशेष.

आपल्या श्रद्धेसही हे गाणे परके नाही. शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू व शिष्य स्तोत्र गाऊनच जैतून डोंगराकडे निघाले, असे शुभवर्तमान सांगते. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते ओवीत. जात्यावर बसणाऱ्या आयाबायांच्या ओठी असलेला छंदच त्यांनी निवडला. ते १६१६ मध्ये छापून निघाले. आणि १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भक्तिगायनास उत्तेजन द्यावे, तसेच त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेचा मान राखावा, असे सांगितले.

आता मात्र अनेक मांडवांत ध्वनिवर्धक गातो आणि माणसे गप्प बसतात. त्याचा आवाज एवढा मोठा, की म्हाताऱ्या बायकांनी सुरू केलेली ओळ त्यांच्याच कानी पडत नाही. यांतील कित्येक गाणी कागदावर उतरलेलीच नाहीत. म्हणून एक आजी देवाघरी जाते, तेव्हा तिच्यासोबत काही गाणी कायमची जातात.

उपाय फार अवघड नाही. घरातील शाळकरी मुलाने एक वही करावी व आजीच्या तोंडची गाणी तीत उतरून घ्यावी. कुरसाजवळची लदीन आटोपल्यावर, चण्यांची वाटी हाती असतानाच, दोन गाणी सर्वांनी मिळून म्हणावी. लग्नाच्या मांडवात निदान रोस होईपर्यंत यंत्र बंद ठेवावे. गळा गोड नसला तरी संकोच नको. ज्या देवाने कोकिळेस कंठ दिला, त्यानेच आपणांसही दिला आहे. त्याचे देणे आपण मुके राहून परत करू नये.