गटिंग टिकले, कोपर दुखले

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीचे नाव निघाले की जुन्या माणसांना विनोबा आठवतात. १९३२ च्या अखेरीस ते या गावी राहावयास आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत येथेच राहिले. टकळी, चरखा आणि पिंजण यांच्या नादात या गावाची एक पिढी वाढली. मेलेल्या गुरांच्या कातड्यावरच चालणारे गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालयही इथलेच. अशा या नालवाडीतील आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात टेनिसच्या रॅकेटवरून भांडण झाले, असे सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाही.

रॅकेट माझ्या तेरा वर्षांच्या पुतणीची. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून हिने टेनिसचा ध्यास घेतला. खेळ वाढला तशी रॅकेटची नायलॉनची जाळी वरचेवर तुटू लागली. दर वेळी गटिंगसाठी पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरला खेप घालायची म्हणजे दिवस मोडणार. भाऊ वैतागला. ‘न तुटणारे काहीतरी लावून टाका,’ असे त्याने दुकानदाराला सांगितले. दुकानदाराने जाड पॉलिएस्टर काढले आणि नायलॉनइतक्याच ताणाने भरून दिले. तीन महिने जाळी तुटली नाही. चौथ्या महिन्यात पोरीला पाण्याचा तांब्या उचलवेना.

आतड्यापासून पॉलिएस्टरपर्यंत

आपल्याकडे रॅकेटला जाळी भरण्याला ‘गटिंग’ म्हणतात. गट म्हणजे आतडे. पूर्वी टेनिसची जाळी गुरांच्या आतड्यापासून करीत. फ्रान्समधील लिऑनची बाबोला कंपनी हे काम १८७५ पासून करीत आली आहे. आपल्या पिंजाऱ्याच्या धनुकलीची तातही आतड्याचीच. ही दोरी असंख्य तंतूंची बनलेली असल्याने लवचिक असते, चेंडूला जोर देते आणि हाताला जपते. मात्र ती महाग, आणि पाण्याने खराब होणारी. पुढे नायलॉन आले आणि सामान्य खेळाडूची सोय झाली.

१९९७ साली पॅरिसमध्ये जागतिक क्रमवारीत ६६ व्या स्थानावर असलेल्या ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने फ्रेंच स्पर्धा जिंकून सर्वांना चकित केले. त्याच्या रॅकेटमध्ये बेल्जियमच्या लक्झिलॉन कंपनीचे पॉलिएस्टर होते. त्यानंतर काही वर्षांतच व्यावसायिक टेनिसचा नूर पालटला.

पॉलिएस्टरची स्ट्रिंग म्हणजे एकच घट्ट, गुळगुळीत धागा. चेंडू आदळला की उभ्या स्ट्रिंग आडव्यांवरून बाजूला सरकतात आणि झटक्यात जागेवर येतात. परतताना त्या चेंडूला फिरकी देतात. काही स्ट्रिंग पंचकोनी वा षट्कोनी असतात, त्यांच्या कडा चेंडूला अधिक पकडतात. शिवाय हा धागा ताठ असल्याने चेंडूला स्वतःहून फारसा उसळवत नाही. म्हणून खेळाडू पूर्ण ताकदीने हात फिरवू शकतो, आणि फिरकीमुळे चेंडू रेषेच्या आत उतरतो. नियंत्रण म्हणतात ते हेच. पण ते मिळवण्यासाठी हात तितक्या वेगाने फिरावा लागतो. वेग नसेल तर फिरकी मिळत नाही, धक्का तेवढा मिळतो. तो मनगटातून कोपरात जातो. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात, त्यांना हे सोसत नाही.

टिकाऊ म्हणजे काय?

खरी गोम पुढेच आहे. पॉलिएस्टर तुटत नाही, पण मरते. खेळून खेळून त्याचा ताण उतरतो, लवचिकपणा जातो, सरकलेली स्ट्रिंग जागेवर परत येत नाही. नियमित खेळणाऱ्याच्या रॅकेटमध्ये हे अवघ्या काही आठवड्यांत घडते. विदर्भाच्या उन्हात बंद मोटारीत रॅकेट राहिली तर त्याहूनही लवकर. नायलॉन तुटून सांगते की ‘माझे संपले’. पॉलिएस्टर गप्प राहते आणि बिचारे कोपर बोलू लागते. तेव्हा ते न तुटताही कापून टाकण्याची तयारी असेल तरच वापरावे. आमच्या भावाने ते पैसे वाचवण्यासाठी घेतले, घोळ झाला तो तिथे.

मग निवड करायची कशी? पहिला प्रश्न असा, की मूल नायलॉन खरोखर वरचेवर तोडते का? तोडत नसेल तर पॉलिएस्टरची गरजच नाही. तोडत असेल तर आधी जाडसर नायलॉन लावून पाहावे. त्यानेही भागत नसेल तर उभ्या बाजूला पॉलिएस्टर आणि आडव्या बाजूला मऊ नायलॉन असे मिश्रण करावे. मिश्रणात कमीपणा काही नाही. रॉजर फेडररच्या रॅकेटमध्ये उभे आतडे आणि आडवे पॉलिएस्टर असे. पूर्ण पॉलिएस्टर हवेच असेल तर मऊ जातीचे, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचे घ्यावे आणि ताण नायलॉनपेक्षा दहा टक्क्यांनी कमी ठेवावा. नायलॉन ५५ पौंडांवर भरत असाल तर हे पन्नाशीच्या खाली. गटिंगची तारीख एका चिठ्ठीवर लिहून रॅकेटच्या पिशवीत ठेवावी. आणि हात दुखू लागला तर स्ट्रिंगचा विचार नंतर, आधी खेळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.

डॉक्टरांनी पुतणीला दीड महिना विश्रांती सांगितली. त्या दिवसांत घरात फारसे कोणी बोलत नव्हते. पोर रॅकेट भिंतीला टेकवून तिच्याकडे पाहत बसे आणि भाऊ तिच्याकडे पाहण्याचे टाळी. एका संध्याकाळी आमच्या बाबांनी ती रॅकेट मांडीवर घेतली. त्यांनी लहानपणी गावात पिंजण चालताना ऐकलेले. जाळीवर टिचकी मारून ते म्हणाले, ‘ही तर मुकी झाली की गं! पिंजणाची तात अशी वाजली तर पिंजारी कापूस बाजूला ठेवायचा.’

भावाने उठून कात्री आणली. जाळी त्याने स्वतः कापली.

आता रॅकेटमध्ये पुन्हा नायलॉन आहे, थोडे जाड. महिन्या-दीड महिन्याने ते तुटते आणि बापलेक नागपूरची गाडी पकडतात. रॅकेट घरी परत आली की पहिली टिचकी आजोबांची असते. आवाज पसंत पडला तरच ती पुतणीच्या हाती जाते.