ब्रेक पॅड घरी बदलताना

धुळे-सोलापूर महामार्गावरचा मांजरसुंब्याचा घाट मालाने भरलेल्या गाडीची परीक्षाच घेतो. उतारावर ओझे गाडीला पुढे ढकलते आणि पुढचे ब्रेक तापतात. ब्रेक दाबताना चिरका आवाज येऊ लागला की पॅड तपासावेत. घासणारा थर ३ मि.मी. उरला की बदलावेत. उशीर केला तर लोखंड डिस्कला घासते आणि खर्च दुप्पट होतो.

पान्यांची सवय असलेल्याला हे काम घरी जमते. सपाट जागी हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत. नट आधी सैल करावेत, मग जॅक लावावा. गाडी स्टँडवर टेकवावी, नुसत्या जॅकवर विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो वर उचलता येतो. जुने पॅड काढून क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत दाबावा. ब्रेक ऑइल टाकीतून सांडत नाही ना, हे पाहावे. नव्या पॅडला तेलकट हात लावू नये. दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी एकीकडे ओढते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पिस्टन मागे गेल्यामुळे पेडलचा पहिला दाब पोकळ जातो. म्हणून गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहावे. मग सपाट रस्त्यावर सावकाश चालवून पाहावे. पेडल मऊच राहिले तर मिस्त्रीकडे जावे. तिथे मजुरी वाचवू नये. घाटात खालचा गिअर ठेवावा, म्हणजे सगळा भार पॅडवर पडत नाही.