बिघडलेली मुले पुढे कुठे जातात?

मुलगा चोरी करताना सापडला की शेजारीपाजारी निदान करून मोकळे होतात. कुणी संगतीला दोष देतो, कुणी 'बापाचा धाक नाही' म्हणतो, कुणी आईच्या लाडांवर बोट ठेवतो, आणि एखादा तरी 'रक्तातच आहे' म्हणून विषय संपवून टाकतो. नवल असे, की गुन्हेगारीचे अभ्यासकही दीर्घकाळ याच उत्तरांभोवती फिरत होते. इटलीच्या डॉ. लोम्ब्रोसो यांनी १८७६ मध्ये, गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि कवटीच्या, जबड्याच्या ठेवणीवरून तो ओळखता येतो, असे ठासून सांगितले. इंग्लंडमध्ये डॉ. चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मापे घेतली आणि १९१३ मध्ये हा दावा खोडून काढला. चेहऱ्यावरून चोर ओळखता येत नाही, एवढे तरी त्यातून ठरले.

मग चोर घडतो कसा? हे शोधण्यात अमेरिकेतल्या एका जोडप्याने आयुष्य वेचले. शेल्डन आणि एलेनॉर ग्लूक हे पतीपत्नी हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात संशोधन करत. (शेल्डन तिथे प्राध्यापक झाले, त्यांच्या बरोबरीने राबणाऱ्या एलेनॉरना ते पद कधीच मिळाले नाही.) १९४० च्या सुमारास त्यांनी सुधारगृहात धाडलेली ५०० मुले निवडली. त्यांच्या जोडीला बॉस्टनच्या शाळांतून, गुन्हेगारीकडे न वळलेली आणखी ५०० मुले घेतली. जोड्या लावताना वय, बुद्धी, वंश आणि वस्ती सारखी राहील याची काळजी घेतली. म्हणजे सगळी हजार मुले गरीब वस्त्यांतलीच. तेव्हा 'गरिबीमुळे चोर झाला' एवढे सांगून भागणार नव्हते. तशाच वस्तीतला दुसरा झाला नव्हता!

उंबऱ्याच्या आत

घरी जाऊन चौकशा झाल्या, शिक्षकांना विचारले, डॉक्टरांनी तपासले, मानसिक चाचण्या झाल्या. १९५० मध्ये ग्लूक दांपत्याचा ग्रंथ आला. त्यांच्या मते मोठा फरक होता तो उंबऱ्याच्या आत. बापाची शिस्त, आईचे लक्ष, दोघांची माया आणि घरातला एकोपा या गोष्टींत दोन्ही गटांची घरे वेगळी दिसली. 'धाक नाही म्हणून बिघडला' ही समजूत इथे अर्धीच खरी ठरते. बिघडलेल्या मुलांच्या अनेक घरांत धाक भरपूर होता, पण त्याला धरबंध नव्हता. आज बेदम मार, उद्या त्याच गोष्टीकडे काणाडोळा. मायेने पण ठामपणे वागवलेली मुले बहुधा दुसऱ्या गटात होती.

इथवर ठीक होते. पण या माहितीवरून ग्लूक दांपत्याने एक तक्ता बनवला आणि सहा वर्षांच्या मुलाचे घर पाहून तो पुढे गुन्हेगार होईल का, हे सांगता येईल असे म्हटले. न्यूयॉर्कमध्ये तो तक्ता वापरूनही पाहिला गेला. टीकाकारांनी नेमकी मेख काढली. ग्लूक यांच्या हजारात निम्मी मुले गुन्हेगार होती. खऱ्या शाळेत निम्मा वर्ग कुठे चोर असतो? अशा ठिकाणी तो तक्ता कितीतरी निरपराध पोरांवर शिक्का मारून बसेल.

तळघरातली खोकी

ग्लूक दांपत्याने ही मुले बत्तीस वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. पुढे दोघेही वारले, आणि ती सारी माहिती खोक्यांत भरून हार्वर्डच्या ग्रंथालयाच्या तळघरात पडून राहिली. १९८० च्या दशकात ती जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन या अभ्यासकांच्या हाती लागली. फेरतपासणीत त्यांना दिसले की गरिबी तशी निर्दोष नव्हती. ती आधी घराची घडी विस्कटत होती, आणि विस्कटलेले घर मुलाला. त्यानंतर त्यांनी सुधारगृहातल्या त्या मुलांचा सत्तरीपर्यंत माग काढला आणि ५२ जणांना समक्ष गाठले.

बालपण जवळजवळ सारखे असलेल्या या माणसांची आयुष्ये अगदी वेगळ्या वाटांनी गेली होती. कुणी तिशीतच सुटला, कुणी पन्नाशीपर्यंत तुरुंगाच्या वाऱ्या करत राहिला. कोण सुटणार हे बालपणावरून सांगता येत नव्हते. सुटलेल्यांच्या आयुष्यात बहुधा टिकाऊ नोकरी होती, सैन्यातली भरती होती किंवा लग्न होते. सैन्याने जुनी गल्ली सोडायला लावली आणि हाताला कसब दिले. नोकरीने दिवस बांधला. लग्नाने रात्री मित्रांच्या टोळक्यात जाणे तुटले. तोच माणूस विवाहित असतानाच्या काळात त्याच्या गुन्ह्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसली. उलट, तुरुंगात गेलेल्या वर्षांनी नोकरी टिकण्याची शक्यता घटवली, आणि नोकरी नाही म्हणून माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळला.

'लग्न लावून द्या, येईल ठिकाणावर' म्हणणाऱ्यांनी एवढ्यावर हुरळून जाऊ नये. बायकोशी नाते घट्ट होते तिथेच हा गुण दिसला, नुसत्या अक्षतांनी नाही. परक्याच्या लेकीला कुणी सुधारगृह समजू नये.

आपल्याकडे २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर हाच प्रश्न देशापुढे आला. त्यातला एक आरोपी अठराच्या आत असल्याने त्याला तीन वर्षेच सुधारगृहात ठेवता आले. पीडितेच्या आईवडिलांचा संताप कुणालाही समजेल असाच होता. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट मोकळी केली. तत्पूर्वी बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासायची असते. तो पुढे कसा निघेल, हे मंडळाला विचारलेले नाही. बॉस्टनची खोकी पाहता तसे कुणाला सांगताही आले नसते.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. गुन्हा केलेल्या मुलाला पुढे त्यापायी कोणतीही अपात्रता चिकटू नये, असे ते सांगते. प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मात्र ही सवलत नाही. शिक्षा भोगून तो बाहेर येईल आणि नोकरीचा अर्ज भरायला बसेल, तेव्हा तो ठपका त्याच्या सोबत असेल.