खरखर येते कुठून?

दोस्तांनो, संगणकावर गाणं लावलं आणि गाण्याआधी स्पीकरमधून 'खर्रर्र'च ऐकू आली, तर लगेच नव्या स्पीकरसाठी बाबांच्या मागे लागू नका. आधी चोर शोधू या.

स्पीकर चालूच ठेवा आणि त्याची पिन संगणकातून काढा. (पिनेच्या टोकाला बोट लावू नका. लावलंत तर तुमच्यामुळेच 'घूं' होईल!) खरखर तशीच? मग संगणक निर्दोष. दोष स्पीकरमध्ये, वायरीत नाहीतर अ‍ॅडॉप्टरमध्ये.

थांबली? मग पिन कॅबिनेटच्या पुढे लावत असाल, तर आता मागच्या हिरव्या भोकात लावून पाहा. पुढच्या भोकाची वायर कॅबिनेटच्या पोटातून जाते आणि वाटेत सर्किटांचा विद्युत-गोंगाट उचलते. म्हणून तर कधीकधी नुसता माउस हलवला तरी किरकिर होते! मागेही तेच रडगाणं असेल, तर छोटं यूएसबी साउंड कार्ड लावून बघा. त्यात आवाज कॅबिनेटबाहेर तयार होतो.

एकसुरी 'घूं' मात्र वेगळी. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे करते, तिचाच तो सूर. संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा. कोणी म्हणेल, "प्लगची जाड पिन काढून टाक, घूं थांबेल." थांबेलही! पण ती अर्थिंगची पिन. बिघाड होऊन कॅबिनेटमध्ये वीज उतरली, तर ती या पिनेतून जमिनीत जाते. पिनच नसेल तर तुमच्या अंगातून. ती काढायची नाही म्हणजे नाही. घूं थांबतच नसेल, तर आई-बाबांना सांगून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.