आधी गोळ्यांचा डबा दाखवा

वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. पन्नास हजारांच्या हप्त्यामागे नऊ हजार वाचले. त्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये, ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आपला सल्ला घ्यावा लागेल, असं विमा नियामकाने कंपन्यांना बजावलं होतं. साहजिकच ज्येष्ठांची चौकशी वाढली आणि एजंट व्हायला निघालेल्यांचीही. माझ्याच ओळखीतल्या तिघांनी मला विचारलं, 'स्वतंत्र एजंट म्हणून हे काम जमेल का?' एकजण बँकेतून निवृत्त झालेले, दोघी गृहिणी.

परीक्षेची भीती नको. दहावी पास असाल तर प्रशिक्षण घेऊन परीक्षा देता येते, आणि ती अवघड नाही. खरी मेख 'स्वतंत्र' या शब्दात आहे. आपल्याकडे एजंट हा कायद्याने कंपनीचा माणूस. त्याला एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक निव्वळ आरोग्य विम्याची कंपनी घेता येते. साठीपुढच्या मधुमेही माणसाला एक कंपनी साफ नाकारते, दुसरी हप्ता वाढवून घेते, तिसरी प्रत्येक बिलातला २० टक्के वाटा त्याच्याच गळ्यात घालते. अशा वेळी एक-दोन कंपन्यांचीच बॅग घेऊन फिरणारा काय तुलना करणार? ज्येष्ठांसाठीच काम करायचं असेल तर ब्रोकरच्या हाताखाली 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पंधरा तासांचं प्रशिक्षण असतं आणि अनेक कंपन्यांच्या पॉलिसी समोर ठेवता येतात.

डोंबिवलीतल्या एक वहिनी हेच काम करतात. त्यांच्यासोबत मी एका घरी गेले होते. 'काही आजार आहे का?' हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. म्हणाल्या, 'काका, गोळ्यांचा डबा आणा.' काका म्हणाले, 'तसं काही नाही गं, फक्त बीपीची आहे.' डबा उघडला तर त्यात बीपीची गोळी होती, कोलेस्टेरॉलची होती, आणि रात्रीच्या खणात शुगरचीही. वहिनींनी प्रत्येक पाकिटावरचं नाव वहीत उतरवलं, कधीपासून घेता ते काकूंना विचारलं (काकूंना महिन्यासकट आठवत होतं), जुन्या डिस्चार्ज कार्डांचे फोटो काढले. फॉर्म भरायला पावणेदोन तास लागले.

या पावणेदोन तासांची किंमत मला माझ्या मावशीमुळे कळली. तिच्या फॉर्मवर एजंटाने सगळ्या आजारांपुढे 'नाही' लिहिलं आणि खाली तिची सही घेतली. दोन वर्षांनी ती हृदयविकाराने दवाखान्यात गेली. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं, रक्तदाब आठ वर्षांपासून. क्लेम फेटाळला गेला. एजंटाचा फोन लागत नव्हता. विमा लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही, पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, यातलं एक अक्षरही तिला कोणी सांगितलं नव्हतं. आजार लिहिला असता तर हप्ता वाढला असता, किंवा त्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागलं असतं. पण पॉलिसी उभी राहिली असती.

फॉर्मनंतर येतं खोलीभाडं. समजा विमा पाच लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोजचे पाच हजार. मुलाने प्रेमाने आठ हजारांची खोली घेतली. आता फक्त वरचे तीन हजारच खिशातून जातात असं नाही. डॉक्टर, शस्त्रक्रिया यांसारख्या खर्चांनाही पाच-अष्टमांशाची कात्री लागू शकते. १ लाख ६० हजारांचे १ लाखच मिळतात. वहिनी अशी अट असलेल्या पॉलिसीच्या कव्हरवर जाड मार्करने लिहून ठेवतात, 'खोली ५,०००च्या आतली'.

पैसा किती? २०२३ पासून कमिशनवरच्या जुन्या ठरावीक मर्यादा गेल्या, दर कंपनी ठरवते. जीएसटी गेल्यावर कंपन्यांची करातली वजावट बंद झाली, तेव्हा काहींनी तो भार कमिशनमधून वळता केला. पहिली दोन वर्षं हात तंग राहणार हे धरूनच चालावं. मग नूतनीकरणाचं कमिशन साचत जातं, पण माणूस दरवर्षी तुमच्याकडेच आला तरच.

एक घर मात्र कमिशनचं नसतं. सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड काढता येतं. त्या दिवशी परतताना वहिनी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. आजोबा ७४ वर्षांचे, पेन्शन बेताची, आणि चेकबुक काढून तयार. वहिनींनी त्यांना ते आत ठेवायला लावलं, आधार कार्ड मागितलं आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचायला सांगितला. आजोबांनी चष्मा शोधला, आकडे एकेक करून वाचले.