पेडण्याचं पान, डिचोलीची चौकट

विकिपीडियावर गावाचं पान उघडलं की बाजूला माहितीचौकट दिसते: तालुका, जिल्हा, लोकसंख्या, अक्षांश-रेखांश. वाचायला ती सोपी, पण तिच्यामागचा मजकूर म्हणजे महिरपी कंसांच्या जोड्या, उभ्या रेघा आणि बरोबरची चिन्हं. एक कंस सुटला की चौकट मोडून सगळी चिन्हं पानावर सांडतात.

गोव्यातल्या दोन तालुक्यांचंच बघा. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, पेडणे १७८८ मध्ये. डिचोलीतल्या नार्वे गावच्या सप्तकोटेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. असा इतिहास तोंडपाठ असलेली माणसं या तालुक्यांत आजही भेटतात. त्यांनी लिहायचं, तर आधी कंसांची भाषा का शिकावी?

व्हिज्युअल एडिटर हे त्यावरचं उत्तर. चौकटीवर टिचकी मारली की रकान्यांचा साधा अर्ज उघडतो. ‘अक्षांश’समोर १५.७२ भरायचं, पुढच्या रकान्यात जायचं. कंस लिहायचं काम पडद्यामागचं पार्सॉइड हे सॉफ्टवेअर करतं. विकीच्या खुणांचं ते एचटीएमएलमध्ये रूपांतर करतं आणि बदल जतन करताना पुन्हा खुणांमध्ये आणतं. त्यातही जिथे हात लागला तेवढंच नव्याने लिहितं, बाकीचा मजकूर जसाच्या तसा ठेवतं. मला या यंत्रणेतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर हा एडिटर घाईने सर्वांसाठी सुरू झाला, तेव्हा पानं बिघडू लागली आणि जुने संपादक संतापले. त्यांचा राग रास्त होता. काही महिन्यांतच तो तिथे ऐच्छिक करावा लागला.

इकडे गोव्यात त्याच वर्षी गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला, आणि २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया सुरू झाला. विकिपीडियांच्या विकिडेटा या सामायिक माहितीसाठ्यामुळे आता एखाद्या गावाची लोकसंख्या वर्षासह आणि संदर्भासह एकदाच नोंदवता येते. मग मराठी आणि कोंकणी, दोन्ही पानांच्या चौकटी ती तिथून घेऊ शकतात.

व्हिज्युअल एडिटरच्या अर्जातली एक उणीव मात्र खटकते. लोकसंख्येच्या रकान्यात कुणी ‘सुमारे पंधरा हजार’ असं अक्षरांत लिहिलं, तरी अर्ज ते मुकाट्याने स्वीकारतो. माणसाला ते कळतं, पण यंत्राला त्यातून आकडा मिळत नाही. इथे अंक हवा, हे भरणाऱ्याला त्या रकान्यानेच तिथल्या तिथे सांगायला हवं, तेही मराठीत.