घरातला शॅमेलिऑन: आजार लपवणारा पाहुणा

आजचा विषय जरा वेगळा आहे, पण अमेरिकेतल्या आपल्या घरांत कधी ना कधी निघणारा. मूल सात-आठ वर्षांचं झालं की कुत्रा हवा म्हणतं. अपार्टमेंटमध्ये कुत्र्याला परवानगी नसते, मांजराची कुणाला तरी ॲलर्जी असते. मग पेट स्टोअरमध्ये फांदीवर डुलत बसलेला हिरवा शॅमेलिऑन दिसतो. भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही. सोपा वाटतो, पण तसा तो नाही.

शॅमेलिऑन म्हणजे आपल्या घोयऱ्याचा भाऊबंद. कुंपणावर बसून मान हलवणारा सरडा वेगळा. घोयरा एकेक पाऊल तोलत चालतो, शेपटीची गुंडाळी करतो आणि दोन डोळे दोन दिशांना फिरवतो. भारतात वन्यजीव कायद्यामुळे घोयरा घरी पाळता येत नाही. इथे दुकानात मिळतात ते मुख्यतः दोन: येमेन आणि सौदी अरेबियाकडचा, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड, आणि मादागास्करचा रंगीबेरंगी पँथर. आपल्या राज्याचा नियम मात्र आधी पाहा. हवाईत व्हेल्ड पाळणं बेकायदा आहे.

त्याच्या रंगाबद्दल एक गैरसमज काढून टाकू. आजूबाजूच्या रंगाशी जुळवून घ्यायला तो रंग बदलतो असं आपण म्हणतो, पण रंग मुख्यतः त्याचा मूड आणि अंगाची गरमी-थंडी सांगतो. सकाळी ऊब घेताना तो गडद होतो, ते ठीक. दिवसभर काळपट राहिला तर त्याला थंडी वाजते आहे, भीती वाटते आहे किंवा बरं नाही.

आता मुख्य गोष्ट. शॅमेलिऑन आजार लपवतो. रानात अशक्त दिसणाऱ्याला शिकारी आधी उचलतात, त्यामुळे जमेल तोवर तो धडधाकट असल्यासारखाच वागतो. आपल्याला आजार दिसला, म्हणजे तो बराच पुढे गेला आहे असं धरा. ‘उद्यापर्यंत बघू’ हे इथे चालत नाही.

रोज सर्वात आधी डोळे पाहा. निरोगी प्राण्याचे डोळे गोल, फुगीर आणि सतत फिरते असतात. दिवसाउजेडी डोळे मिटून बसणं हे साधी झोप समजू नका, ते आजाराचं लक्षण आहे. डोळे खोल गेले असतील तर बहुधा पाणी कमी पडतंय.

वाटीतलं साचलेलं पाणी तो सहसा पीत नाही. पानांवरचे थेंब चाटून पितो, म्हणून दिवसातून दोन-तीनदा फवारा मारायचा किंवा वरून थेंब-थेंब पडेल अशी सोय करायची. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पिंजरा वाळला पाहिजे. सतत ओल राहिली तर फुप्फुसाचा संसर्ग होतो. न्यू जर्सी, शिकागोकडच्या हिवाळ्यात हीटिंगमुळे घरची हवा कोरडी होते, तेव्हा जास्त लक्ष ठेवा. पाणी पुरतंय का, हे विष्ठेतल्या पांढऱ्या भागावरून कळतं. तो पांढराच राहिला तर छान. पिवळा-नारिंगी होऊ लागला तर पाणी कमी पडतंय.

सर्वात जास्त शॅमेलिऑन बिघडतात ते प्रकाशामुळे. ‘खिडकीत ऊन येतं की!’ असं आपल्याला वाटतं, पण कॅल्शियम अंगी लागायला जे यूव्हीबी किरण लागतात, ते खिडकीची काच अडवते. म्हणून यूव्हीबीची लांब ट्यूब हवीच, दिवसाला सुमारे बारा तास. ट्यूब दिसायला चालू असली तरी तिचे किरण हळूहळू मंदावतात. सहा ते बारा महिन्यांत ती बदलायची. बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. ऊब घ्यायची जागा मोठ्या व्हेल्डसाठी साधारण ८५ ते ९० अंश फॅरेनहाइट, पिल्लांसाठी त्याहून कमी. रात्री दिवा बंद आणि थोडा गारवा. पिंजरा जाळीचा आणि उंच हवा, मोठ्यासाठी दोन बाय दोन बाय चार फूट, आणि एका पिंजऱ्यात एकच. आत मनी प्लांट चालतो. स्वयंपाकघर आणि देवघर यांपासून पिंजरा लांबच बरा. फोडणीचा ठसका आणि उदबत्तीचा धूर त्याला नको.

खाणं म्हणजे जिवंत किडे. शाकाहारी घरात रातकिड्यांचा डबा कुठे ठेवायचा, हा वाद आधीच मिटवा, कारण शॅमेलिऑनला शाकाहारी करता येत नाही. रातकिड्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. म्हणून किड्यांना आधी कोलार्डची पानं, गाजर, रताळं खाऊ घाला आणि देताना कॅल्शियमची पूड लावा. ड-३ जीवनसत्त्व असलेली पूड महिन्यातून दोनदाच पुरते. जास्तीचं ड-३ अपाय करतं.

यात कसूर झाली की हाडं मऊ पडतात. पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा लागतो, चालताना थरथर होते, फांदीवरची पकड सुटते, जीभ किड्यापर्यंत पोहोचत नाही. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही, पण लवकर उपचार मिळाले तर पुढचं नुकसान थांबतं.

दिव्याखाली फार तापला की तो तोंड उघडतो. पण दिव्यापासून दूर असतानाही तोंड उघडं, मान वर, श्वासाला टिकटिक आवाज किंवा तोंडाशी चिकट फेस असेल, तर फुप्फुसाचा संसर्ग समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

मादी असेल तर आणखी एक. व्हेल्ड मादी नर नसतानाही अंडी घालते. तिला ओलसर वाळूचा, फूटभर खोल डबा लागतो. जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात. आधी अस्वस्थ येरझाऱ्या, मग मलूल होऊन तळाशी डोळे मिटून बसणं, ही तातडीची वेळ आहे.

डॉक्टर मात्र आजारपणाआधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर शॅमेलिऑन तपासत नाहीत. ‘एआरएव्ही’ या सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर आपल्या भागातलं नाव मिळतं. जाताना पिंजऱ्याचे आणि दिव्याच्या खोक्याचे फोटो, ताज्या विष्ठेचा नमुना आणि वजनांची वही न्या. वजन दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर करा, पण तो काटा स्वयंपाकाचा नको.

कारण साल्मोनेला. निरोगी दिसणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेतही हे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांनी आणि ६५ वर्षांवरच्यांनी अशा प्राण्यांना हात लावू नये, असं इथली सीडीसी सांगते. भारतातून आलेले आजी-आजोबा आणि घरातलं बाळ, दोघंही त्यात आले. बाकीच्यांनी हाताळलं की साबणाने हात धुवायचे.

आणि उन्हाळ्यातली भारतवारी? महिनाभर घर बंद ठेवून नुसत्या टायमरवर शॅमेलिऑन सोडता येत नाही. पाणी भरायला, किडे द्यायला, डोळे बघायला माणूस लागतो. तिकिटं काढण्याआधी त्या माणसाला दोन आठवडे घरी बोलावून शिकवा, आणि डॉक्टरांचा नंबर पिंजऱ्यावर चिकटवा. अगदीच झेपत नसेल तर रेप्टाइल रेस्क्यूला फोन करा. बागेत मात्र सोडू नका. फ्लोरिडात पाळीव व्हेल्ड बाहेर सुटले आणि आज तिथे रानात त्यांची वीण चालू आहे. थंड राज्यांत सोडलेला शॅमेलिऑन हिवाळा काढत नाही.